लष्करी धाटणीच्या रायफली आणि घटनेचे संरक्षण

प्रिय विद्यार्थ्यास,

अनेक आशीर्वाद.

अमेरिकेत एआर-१५सारख्या रायफली बाळगण्याच्या नागरिकांच्या हक्काला घटनेचे संरक्षण हवे, असे मांडणारा तुझा मसुदा वाचला. मांडणी नेटकी आहे, पण तिच्यात दोन प्रश्नांची गल्लत झाली आहे. अशा रायफलींवर बंदी घालणे शहाणपणाचे आहे का, हा एक प्रश्न आणि बंदी घालण्याचा अधिकारच विधिमंडळाकडून काढून घ्यावा का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर काहीही असो, दुसऱ्याला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे.

तुझी सारी भिस्त अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २००८च्या हेलर खटल्यातील निकालावर आहे. तो निकाल मुळातून वाच. स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवण्याचा व्यक्तिगत हक्क न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी ५ विरुद्ध ४ अशा बहुमताने मान्य केला खरा. परंतु हा हक्क अमर्याद नाही आणि एम-१६सारख्या लष्करी रायफलींवर बंदी येऊ शकते, हेही त्याच निकालपत्रात गृहीत धरलेले आहे. एआर-१५ आणि एम-१६ या एकाच घराण्यातल्या रायफली. एआर-१५चा चाप प्रत्येक गोळीसाठी नव्याने ओढावा लागतो, तर एम-१६चा खटका फिरवून चाप दाबून धरला की गोळ्या सलग सुटतात. या फरकावर तू भर दिलास ते योग्यच. पण गोळी त्याच जातीची असते आणि जखमही तशीच होते.

सर्रास वापरात असलेले शस्त्र संरक्षित, ही तुझी कसोटी मला सर्वांत तकलादू वाटते. मशीनगन आज दुर्मीळ आहेत, कारण १९३४च्या कायद्याने त्यांच्यावर २०० डॉलरचा कर आणि नोंदणीची सक्ती आली आणि १९८६मध्ये नागरिकांसाठी नव्या मशीनगनची वाटच बंद झाली. उलट एआर-१५सारख्या अर्धस्वयंचलित, म्हणजे चापाच्या एका ओढीला एकच गोळी सोडणाऱ्या, काही रायफलींवरची १९९४ची केंद्रीय बंदी २००४मध्ये संपली आणि त्या लाखोंनी खपल्या. कायदा वेळेवर आला तर शस्त्र असंरक्षित आणि उशिरा आला तर संरक्षित, असा घटनेचा अर्थ खपाच्या आकड्यांवरून लावणे मला मुळीच पटत नाही.

तिथल्या बंदुकीने होणाऱ्या बहुतेक हत्या पिस्तुलांनी होतात, हा तुझा मुद्दा बिनतोड आहे आणि बंदीच्या समर्थकांनी तो टाळू नये. पण सँडी हूकच्या शाळेत २०१२ साली २० मुले आणि युवाल्डीच्या शाळेत २०२२ साली १९ मुले अशाच रायफलीने मारली गेली, आणि युवाल्डीत सशस्त्र पोलीस तासाहून अधिक काळ थांबून राहिले. हे पाहून एखाद्या राज्याने कायदा केला, तर न्यायालयाने त्याचे हात बांधावेत का?

जून २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेरीलँडच्या बंदीविरुद्धची याचिका ऐकण्यास नकार दिला, तेव्हा न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी हा प्रश्न लवकरच हाती घ्यावा लागेल असे नमूद केले. त्या प्रकरणातले चौथ्या सर्किट न्यायालयाचे, म्हणजे खालच्या केंद्रीय अपील न्यायालयाचे, बहुमताचे आणि अल्पमताचे, अशी दोन्ही निकालपत्रे वाच. तू बाजू बदलावीस असा माझा आग्रह नाही. मात्र १९३४ आणि १९८६च्या कायद्यांचे काय करायचे, याचे उत्तर पुढच्या मसुद्यात आलेच पाहिजे.

तुझा शुभचिंतक