आईला वारी दाखवायची, तर कोणतं यंत्र घ्यावं?

प्रश्न : ताई, माझी आई ७८ वर्षांची आहे. सलग १९ वर्षं आळंदीहून पायी वारीला गेली. गेल्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून अंथरुणात आहे. न्यू जर्सीतला भाऊ म्हणतो, मेटाचा क्वेस्ट ३ हा डोळ्यांवर लावायचा व्हीआर (आभासी दृश्याचा) हेडसेट पाठवतो, त्यात आईला वारी दाखव. इथल्या मोबाईलच्या दुकानात फोन घालायचा व्हीआर बॉक्स हजार-बाराशेला मिळतोय. फरक फक्त किमतीचा आहे, की आईला खरंच वेगळं काही दिसेल? – एक वाचक, बार्शी

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला माझे सासरे आठवले, म्हणून आधी त्यांचं सांगते. २०१९ मध्ये त्यांना अर्धांगवायू झाला. गुहागरजवळच्या आमच्या घरी पुन्हा जाणं होणार नव्हतं. माझा भाचा तिकडे गेला, पडवीत ३६० अंशांचा, म्हणजे चहूबाजूंचं एकदम टिपणारा कॅमेरा ठेवून सहा मिनिटांचं चित्रीकरण करून आला. ते फोनवर घेतलं आणि व्हीआर बॉक्स त्यांच्या डोळ्यांना लावला. पहिल्या वेळी त्यांना पत्रे आणि माडाचे शेंडे यांपलीकडे काही दिसेना, कारण ते उताणे निजले होते. चित्रीकरणातलं क्षितिज ताठ बसलेल्या माणसाच्या हिशेबाने असतं. निजलेल्याचं तोंड आढ्याकडे, म्हणून दृश्यातही तो वरच बघत राहतो. पाठीशी लोड देऊन त्यांना बसतं केलं, तेव्हा अंगण समोर आलं. त्यांनी सावकाश डावीकडे मान वळवली. "रहाट कुठाय?" विहीर त्याच बाजूला होती. रहाट दिसला आणि ते कितीतरी वेळ तिकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "जरा पुढे ने मला."

ते मात्र मला जमण्यासारखं नव्हतं, आणि तुमच्या प्रश्नाचं मर्म इथेच आहे. फोनमधला जायरोस्कोप मान किती वळली एवढंच सांगतो. माणूस पुढे झुकला, त्याने पाऊल टाकलं, याचा व्हीआर बॉक्समधल्या फोनला पत्ता नसतो. क्वेस्टसारख्या हेडसेटवर बाहेर पाहणारे कॅमेरे असतात. खोलीच्या भिंती-कोपऱ्यांवरून आपण कुठे सरकलो ते मोजत राहतात. त्यामुळे संगणकाने रचलेल्या जागेत चालता येतं, वाकून टेबलाखाली डोकावता येतं, वस्तू उचलता येतात. पण कॅमेऱ्याने टिपलेल्या ३६० अंशांच्या साध्या व्हिडिओत क्वेस्ट घालूनही पुढे जाता येत नाही. कॅमेरा जिथे ठेवला होता, तिथेच आपण. आईला दाखवायची आहे ती टिपलेली वारी. म्हणजे ज्या करामतीसाठी महाग हेडसेट घ्यायचा, ती तुमच्याकडे वापरातच येणार नाही.

राहिला स्पष्टपणाचा मुद्दा. तिथे जरा आकडे मांडू या. क्वेस्ट ३ मध्ये प्रत्येक डोळ्यासमोर २०६४ गुणिले २२०८ ठिपक्यांचा पडदा आहे. नजरेच्या एका अंशात साधारण २५ ठिपके येतात. २४०० ठिपके लांबीचा फोन बॉक्समध्ये आडवा घातला, की एका डोळ्याच्या वाट्याला १२००, आणि ते सुमारे ९० अंशांत पसरतात. म्हणजे अंशाला जेमतेम १३. निम्मा फरक झाला, आणि तो डोळ्यांना जाणवतो. पण आता व्हिडिओकडे बघा. ज्याला आपण '४ के' म्हणतो, त्या व्हिडिओत पूर्ण वर्तुळासाठी ३८४० ठिपके असतात. ३६० ने भागा : अंशाला ११ सुद्धा नाहीत. असा व्हिडिओ कितीही भारी हेडसेटमध्ये घाला, वारकऱ्यांचे चेहरे पुसटच राहणार, कारण मुळात ते टिपलेच गेले नाहीत. ५७६० ठिपक्यांचा व्हिडिओ असेल, तर अंशाला १६ मिळतात आणि चांगल्या फोनचा पडदा पुरेपूर वापरला जातो.

म्हणून भावाला स्पष्ट सांगा : हेडसेट नको, ३६० अंशांचा चांगला कॅमेरा पाठव. ५७६० किंवा त्याहून जास्त ठिपक्यांचा. आणि येत्या आषाढीला घरातलं कुणीतरी तो घेऊन जाऊ दे. आईच्या दिंडीतली माणसं, तिच्या मुक्कामाचं गाव, वाखरीचं रिंगण, चंद्रभागेचं वाळवंट, नामदेव पायरी असं तिच्या ओळखीचं टिपा. गाभाऱ्यातलं चित्रीकरण मनात आणू नका. एक गोष्ट कटाक्षाने पाळा : दिंडी चालू द्या, कॅमेरा एका जागी ठेवा. हातात धरून चालत चित्रीकरण केलंत, तर आईचे डोळे म्हणतील मी चालतेय आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा म्हणेल मी बसलेय. मळमळ त्यातूनच होते. काठीवर कॅमेरा चार फुटांच्या उंचीवर लावा, म्हणजे बसलेल्या माणसाची नजर येईल. आणि माणसांना कॅमेऱ्याच्या अगदी तोंडाशी येऊ देऊ नका.

दुकानात बॉक्स घेताना फोन सोबत न्या. फोनवर यूट्यूबचा ३६० अंशांचा कोणताही व्हिडिओ लावा आणि फोन हातात धरून स्वतःभोवती फिरा. दृश्य आपोआप वळलं तर जायरोस्कोप आहे. बोटानेच सरकवावं लागलं तर नाही, आणि मग तो फोन या कामाला निरुपयोगी. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त फोनमध्ये तो नसतो, ही गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. दोन भिंगांमधलं अंतर कमी-जास्त करता येतं का आणि फोकसची चकती आहे का, तेही बघा. आईची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल आणि लांबचा चष्मा असेल तर तो लावूनच दाखवा, कारण भिंगामुळे पडदा दूर असल्यासारखा दिसतो. डोक्याचा पट्टा काढून टाका आणि बॉक्स तुम्ही हातात धरा. अर्ध्या किलोचा हेडसेट नाकावर आणि उशीत रुतणारा त्याचा पट्टा म्हाताऱ्या मानेला सोसत नाही. हातातला बॉक्स आईने "बास" म्हणताच दूर होतो. सुरुवातीला तीन-चार मिनिटं पुरेत. पूर्वी फिट आली असेल किंवा चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना आधी विचारा.

आणि दुसऱ्या हाताने आईचा हात धरून ठेवा. सासऱ्यांनी तो बॉक्स लावलेला असताना माझा हात घट्ट धरला होता.

प्रश्न : आमच्या शाळेला माजी विद्यार्थ्यांनी ४५,००० रुपये दिले आहेत. नववीच्या वर्गात ४६ मुलं. एक उत्तम हेडसेट घ्यावा की वीस व्हीआर बॉक्स? – एक विज्ञानशिक्षक, तासगाव

उत्तर : सर, ३५ मिनिटांच्या तासिकेत दहा मिनिटं मांडामांडीत गेली, तर एका हेडसेटवर प्रत्येक मुलाच्या वाट्याला अर्धं मिनिट येतं. तेवढ्यात भिंगंसुद्धा डोळ्यांपुढे नीट बसत नाहीत. वीस बॉक्सना वीस फोन लागतील, ते कुठून आणणार? सहा बॉक्स घ्या. २०२३ मध्ये आलेल्या जिओडाइव्ह या व्हीआर बॉक्सची किंमत १,२९९ रुपये होती, त्या हिशेबाने आठ हजारांच्या आत काम होतं. फोन माजी विद्यार्थ्यांकडूनच मागा. कपाटात पडलेला, पाच-सहा वर्षांपूर्वीचा महाग फोन यासाठी फार चांगला. जायरोस्कोपची वरची चाचणी करा आणि बॅटरी फुगलेला फोन परत करा. तापलेला फोन मध्येच मंदावतो, म्हणून उन्हाळ्यात सकाळची तासिका निवडा. मी आठवीला ज्वालामुखी असाच गटागटाने दाखवत असे. एक गट बघायचा आणि बाकीचे वहीत काढायचे, मग गट बदलायचा.

कोणत्याही एका ॲपवर तासिका बांधू नका. गूगलने २०१४ मध्ये कार्डबोर्ड नावाचा पुठ्ठ्याचा व्हीआर बॉक्स आणला आणि २०२१ मध्ये त्याची विक्री थांबवली. शाळांसाठीचं एक्सपिडिशन्स ॲपही त्याच वर्षी बंद झालं. फोनवरच्या व्हीआरसाठी गूगलनेच आणलेलं डेड्रीम २०१९ मध्येच गेलं होतं. म्हणून व्हिडिओ फोनमध्ये उतरवून ठेवा, इंटरनेटवर अवलंबून राहू नका. उरलेल्या पैशांत तुमच्या प्रयोगशाळेला सूक्ष्मदर्शक येतील, ते घ्या. पूर्ण हेडसेट मला पटतो तो हात शिकवायचा असतो तिथे. आयटीआयमधल्या मुलाला वेल्डिंगचा हात बसवायचा असेल, तर मान वळणं पुरत नाही, मनगट कुठे आहे हे यंत्राला कळावं लागतं. तिथे तो खर्च सार्थकी लागतो.

प्रश्न : नातू ९ वर्षांचा आहे, वाढदिवसाला व्हीआर हेडसेटच हवा म्हणून हटून बसला आहे. – एक आजोबा, नाशिक

उत्तर : घेऊ नका. क्वेस्टसाठी मेटाने घातलेली वयाची किमान अट १० वर्षांची आहे, तीही पालकांच्या देखरेखीखाली. सोनीने प्लेस्टेशन व्हीआरसाठी १२ सांगितली आहे. लहान मुलांच्या डोळ्यांमधलं अंतर मोठ्यांपेक्षा कमी असतं, भिंगं मोठ्यांच्या मापाची असतात, म्हणून चित्र नीट जुळत नाही आणि डोळे ओढले जातात. हट्टासाठी व्हीआर बॉक्ससुद्धा नको. नाशिकलाच आहात, तर वाढदिवसाला त्याला एक साधी दुर्बीण घेऊन द्या आणि थंडीत पहाटे नांदूर मध्यमेश्वरला पक्षी दाखवायला न्या. तिथला पाणथळ भाग जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, आणि हिवाळ्यात तिथे इतके पक्षी उतरतात की दुर्बीण त्याच्या हातून सुटणार नाही.