थायलंड-केनियाचे ते ऑनलाईन फॉर्म आणि ईटीए (निघायच्या आधी घ्यायची ऑनलाईन प्रवास परवानगी) स्वतः करावेत की एजंटकडून? आणि यामुळे आपल्या लोकांचं फिरणं सोपं झालंय का?

एजंटचं नाव काढलंत म्हणून लिहितेय, नाहीतर असल्या प्रश्नांच्या वाटेला मी जात नाही.

थायलंडचं आधी. ते डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे देशात शिरण्याआधीचा ऑनलाईन फॉर्म, 1 मे 2025 पासून आलंय, फुकट आहे, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं. मलेशियाचंही तसंच, तेही फुकट. यासाठी कोणी माणशी पैसे मागत असेल तर सरळ लुबाडतोय. गुगलवर वरच दिसणाऱ्या काही साईट्स पण तसल्याच, दिसायला सरकारी आणि शेवटच्या पानावर कार्ड नंबर मागणार.

आता केनिया. आम्ही मसाई माराला गेलो तेव्हा दिरांनी सगळं काम नौपाड्यातल्या एका एजंटला दिलं होतं. केनियाने जानेवारी 2024 पासून व्हिसा बंद करून ईटीए आणलाय, त्यावर भावोजी खूश, "वहिनी, व्हिसा-फ्री आहे, कशाला डोक्याला ताप करून घेताय?" अहो फ्री कसलं, माणशी 30 डॉलर, पासपोर्टचं पान अपलोड करा, फोटो द्या, हॉटेल बुकिंग द्या, तिकीट द्या, काय कमी झालं?

निघायच्या आठवड्यात मी प्रिंटआउट घेऊन एकेक पासपोर्ट शेजारी ठेवून बघत होते तर सासूबाईंचा नंबरच जुळेना. एजंटने त्यांच्या दुबई ट्रिपच्या वेळचा स्कॅन कॉम्प्युटरवरून उचलून लावला होता. मध्ये पासपोर्ट रिन्यू झालेला, पण जुन्याची मुदत अजून शिल्लक दिसत होती म्हणून सिस्टीमने मुकाट अप्रूव्ह केलं, तिला काय कळणार तो कॅन्सल झालाय ते! फोन केला तर म्हणे, "मॅडम, दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवा, काही होत नाही." व्हिसाचा स्टिकर असता तर एक वेळ चाललंही असतं, जुन्यावर व्हिसा आणि हातात नवा असे लोक जातात. पण ईटीए पासपोर्टच्या नंबरवरच असतो, नंबर बदलला की तो गेला. अमेरिकेचा एस्टा (त्यांची अशीच ऑनलाईन परवानगी) घ्या, ब्रिटनचा ईटीए घ्या, सगळीकडे हेच. रात्री जेवणं आटपल्यावर सासूबाईंना ट्यूबलाईटखाली भिंतीला टेकून उभं केलं, फोटो काढला, नवा अर्ज भरला, परत 30 डॉलर. अप्रूव्हलचा मेल आला निघायच्या आदल्या दिवशी. आणि भावोजी अजून म्हणतात, "शेवटी गेलो ना आपण सगळे?"

सोपं झालं का म्हणाल तर आपलं काही नाही. अमेरिका 2009 पासून एस्टा मागते ते व्हिसा न लागणाऱ्या देशांकडून. ब्रिटनचा ईटीए 10 पौंड होता, एप्रिल 2025 मध्ये 16 केला, तोही युरोपवाल्यांना, अमेरिकनांना. त्यांचा एक फॉर्म वाढला, आपल्याला तिथे अजून पूर्ण व्हिसाच, बोटांचे ठसे देण्यासकट. (आपणही 2014 पासून परदेशी टुरिस्टांकडून ऑनलाईन फॉर्म भरून घेतोच, त्यामुळे फार रडू नये.) खरा फरक पडलाय तो मुंबईच्या सहार विमानतळाच्या चेक-इन काउंटरवर. कागद नसलेला माणूस नेला तर एअरलाईनलाच तो परत आणावा लागतो, बऱ्याच देशांत वर दंड, त्यामुळे काउंटरवरची मुलगीच नंबर ताडून बघते. पूर्वी उतरल्यावर तिकडच्या ऑफिसरला समजावून सांगायची तरी सोय होती, आता इथूनच घरी पाठवतात.

तरी एजंट नकोच असं नाही हां. युरोपच्या शेंगेन व्हिसासारखा कागदांचा ढीग असेल, किंवा आईवडील एकटे राहतात आणि मोबाईलवर जमत नाही, तर द्या काम. पण प्रिंट आली की नंबर स्वतः वाचा, दिरांवर सोडू नका. आणि ईटीए मिळाला म्हणजे आत सोडतीलच असंही नाही, शेवटचा शब्द तिकडच्या इमिग्रेशनचा.

केनिया नक्की असेल तर यलो फीव्हरची लस वेळेत घ्या, त्या लसीचं कार्ड लस घेतल्यावर 10 दिवसांनी वैध होतं आणि परत येताना मुंबईत आपलेच लोक मागतात. आमच्या एजंटने याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, विचारा आमच्या भावोजींना.