टाका उसवता येतो, शाई नाही

सातारा,
रविवार, भर दुपार

चिरंजीवा, अनेक आशीर्वाद.

तुझ्या टेबलाचा फोटो दोनदा मोठा करून पाहिला. बारा ब्रश, चोवीस ट्यूबा, सुलेखनाच्या पेनांचा डबा आणि शेजारी गोधडीसाठी ऑनलाइन मागवलेले, एका मापात कापलेले कापडाचे चौकोन. सगळं कोरं करकरीत. आणि खाली तुझा प्रश्न : ‘बाई, या तिन्हींतलं कुठलं एक धरू?’ शाळेत असतास तर आधी ते ब्रश परत करायला लावले असते. आता एमआयडीसीत नोकरी करतोस, स्वतःच्या पगारातून आणतोस, म्हणून गप्प बसते. ते चौकोन मात्र परत जात असतील तर पाठवून दे.

आणि एक धरू नकोस. तिन्ही धर. तुझी खोड मला आठवीपासून ठाऊक आहे. एलिमेंटरीला स्मरणचित्राच्या कागदाला तू खोडून खोडून भोक पाडलं होतंस. चूक झाली की पुढे सरकताच येत नाही तुला. या तिन्ही कामांत चूक तीन तऱ्हांनी वागते, म्हणून तुला तिन्ही हवीत.

आधी अक्षर. डब्यातली ती पेनं बाजूला ठेव. रोमन अक्षराला टोक जसं धरतात त्याच्या उलट कोनात देवनागरीला लागतं. आपल्याकडे जाड फराटा आणि बारीक फराटा नेमके दुसऱ्या दिशेने पडतात. इंग्रजी धाटणीच्या निबाने ‘ग’ काढायला गेलास की मनगट पिरगाळतं आणि आपल्याला वाटतं आपला हातच वाईट. बोरू, म्हणजे नळाची लेखणी, स्वतः कर. देवनळ मिळाला तर उत्तम, नाही तर बांबूची कामटी चालते. धारदार ब्लेडने टोक तिरकं काप, दोन-तीन मिलिमीटर रुंद ठेव. पहिला महिना फक्त ग, म, न. तिन्हींचा दंड, म्हणजे उभी रेघ, एकच, बदलतं ते डावीकडचं. दंड सरळ उतरायला लागला की मग वाटीची अक्षरं घे, व, ब, क. पाकळीचा ल आणि देठाचा श आपलाच लिही, हिंदी धाटणीचा नको. शासनाने २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढला त्यात मराठीसाठी हेच ठरवलेत. आणि ‘ळ’ सगळ्यात शेवटी. तो सोपा दिसतो आणि माणसाला रडवतो.

ऑफिसात तू ज्या ‘मंगल’ टंकात मराठी टाइप करतोस, तो र. कृ. जोशींनी घडवला. हाडाचे सुलेखनकार. संगणकाच्या पडद्यावर गेलेल्या त्या अक्षरांमागेसुद्धा हातच आहे.

माझे आजोबा मोडीत हिशेब लिहायचे. आधी पानभर आडव्या रेघा ओढून घ्यायचे आणि मग त्या रेघेला अक्षरं टांगत जायचे, हात न उचलता. चुकलं तर त्यावर काट मारून पुढे. पान फाडलेलं मी कधी पाहिलं नाही. कागद महाग होता. तुलाही तेच सांगते. शाईचं अक्षर बिघडलं तर बिघडलं, त्याच ओळीत पुढचं लिही. वहीतलं पान फाडलंस तर मला कळेल, मी पानं मोजते.

रंगांबद्दल थोडंच लिहिते, कारण त्यावर सांगणारे ढीगभर आहेत. चोवीसपैकी सहा ट्यूबा बाहेर ठेव. काळा वापरू नकोस. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून करडा कर, अजिंक्यताऱ्याचा कातळ त्यातच आहे. खिडकीतून दिसतो तो, मग दर रविवारी तोच काढ. चैत्रातला तपकिरी, श्रावणातला हिरवा, धुक्यात अर्धा गायब झालेला. जलरंगात पांढरा म्हणजे कागद, तो आधी राखावा लागतो. पोस्टर कलरमध्ये चूक वरून झाकता येते, जलरंगात तिच्याशी जुळवून घ्यावं लागतं. ओल्या रंगात पाण्याचा थेंब पडून डाग फुलला तर त्याचा ढग करायचा. बरेचदा तो डोंगरापेक्षा चांगला निघतो.

एकदा आपल्या जिल्ह्यातल्या औंधला जाऊन ये. मूळपीठाच्या डोंगरावरचं भवानी संग्रहालय बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलं. लोक तिथे रविवर्मा बघतात, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं शिल्प बघतात. तू बाळासाहेबांची स्वतःची चित्रं बघ. संस्थानचा राजा, मोठमोठ्या चित्रकारांची चित्रं गोळा करणारा, आणि तरीही आपली चित्रं काढत राहिलेला. घरात रविवर्मा असताना ब्रश उचलायला छाती लागते. तुझ्याकडे तर फक्त फोनमध्ये आहेत.

आता वाकळ. तू गोधडी म्हणतोस, आमच्या माण तालुक्यात वाकळच. तुझ्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली : ‘घरी म्हणतात, हे बायकांचं काम.’ नामदेव महाराज शिंपी होते हे घरच्यांना आठवण करून दे. पुढे काही बोलले तर माझ्याकडे पाठव.

आई उन्हाळ्यात वाकळ घालायला घ्यायची. अंगणात जुनं लुगडं अंथरायचं, त्यावर फाटकी धोतरं, परकर, सदऱ्यांच्या पाठी, जिथे विरलंय तिथे दुहेरी. वरून पुन्हा लुगडं. सुरकुत्या हाताने बाहेर सारत सारत कडेने धावदोरा सुरू करायचा आणि चौकटीत चौकट घेत मध्यापर्यंत यायचं. शेजारच्या दोघी-तिघी एकेक बाजू धरून बसायच्या. कुणाचा टाका कुठला ते वर्षांनंतरही ओळखू यायचं. आईचा तांदळाएवढा, आत्याचा लांब, घाईचा. गप्पा रंगल्या की आत्याचा अजून लांब.

माझी पहिली वाकळ सांगते. लग्नानंतरची. हौसेने वर नवी पॉलिएस्टरची साडी लावली, आत सुती लुगडी. नवरात्राआधी गोधड्या धुवायला काढल्या, तेव्हा आतलं सुती आटलं, वरचं जसंच्या तसं राहिलं. वाळल्यावर सगळी फुगवटे आलेली, भाजलेल्या पापडासारखी. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त दोरीवरून उतरवताना हसल्या. मी वरची साडी उसवायला बसले. तीन दिवस गेले. दोरा निघाला, पण सुईची भोकं राहिली. त्याच भोकांवरून दुसरं सुती कापड लावून पुन्हा टाके घातले. ती वाकळ आजही माझ्या पायावर आहे.

म्हणून : सुतीशी सुतीच. कापड आधी दोनदा धुऊन घे, लाल आणि निळं वेगळं. रंग जायचा तो आधीच जाऊ दे. दोरा हातभरच घे, लांब घेतला की गुंता होतो आणि आळशी माणूसच लांब दोरा घेतो असं आई म्हणायची. टाका ओढून आवळू नकोस, कापड गोळा होतं. पहिली वाकळ पलंगाची नको, पाळण्यातल्या बाळाची कर, म्हणजे पावसाळ्याआधी संपेल. टाके वाकडे गेले तर उसवायची मुभा आहे, पण एका बैठकीत एकदाच. हा नियम खास तुझ्यासाठी.

रोज सकाळी चहाआधी अक्षरांचं एक पान. डोंगर रविवारी. वाकळ रात्री, टीव्ही चालू असला तरी चालेल. आणि वर्षभर कुणाला फोटो पाठवू नकोस, मलासुद्धा नाही. मला प्रत्यक्ष दाखव. विकायचं कसं हेही विचारलंयस. त्याचं उत्तर या पत्रात नाही.

पुढच्या रविवारी ये. ब्लेड आण, बोरू मी कापून दाखवते. पेढे आणू नकोस, साखर वाढली आहे. घरातून जुनी साडी आणायची असेल तर आईला विचारून आण. कपाटातली सगळ्यात मऊ साडी तिने कशासाठी तरी ठेवलेली असते.

तुझी,
चित्रकलेच्या बाई