मानसशास्त्राची उजळणी, आमची मनी आणि दहापैकी तीन गुण

आपण विचारले आहे की, बी.ए.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा पंधरा दिवसांवर आली असताना अभिसंधान (दोन गोष्टींचा संबंध जुळून होणारे शिकणे), स्मृती आणि प्रेरणा या मूलभूत संकल्पनांची उजळणी व्याख्या पाठ करून भागेल का. माझ्या मते भागणार नाही. व्याख्या तोंडपाठ झाली की संकल्पना समजल्याचा भास होतो, आणि त्या भासालाच गुण देणाऱ्या एका प्राध्यापकांशी झालेला माझा वाद पंचवीस वर्षांनंतरही माझ्या मनातून गेलेला नाही.

रशियन शास्त्रज्ञ पाव्हलोव्हचा कुत्रा आपल्याला ठाऊक आहेच: घंटेमागून अन्न येत राहिले की पुढे नुसत्या घंटेनेही त्याला लाळ सुटते. (त्यांना 1904 चे नोबेल मिळाले ते पचनक्रियेवरील कामासाठी, आणि त्यांच्या प्रयोगांत मेट्रोनोमही होता, पण सगळी प्रसिद्धी घंटेने खाल्ली.) अंतर्गत परीक्षेत ‘विलोपन सोदाहरण स्पष्ट करा’ असा दहा गुणांचा प्रश्न आला (विलोपन म्हणजे असा शिकलेला प्रतिसाद मावळणे), तेव्हा मी कुत्र्याऐवजी आमच्या मांजरीवर लिहिले.

आमचे घर दापोली तालुक्यात आहे. हर्णैच्या बंदरावर लिलावात घेतलेली मासळी पाटीत घालून एक मावशी रोज वाडीत येत. पाखाडीच्या तळाशी त्यांची हाक ऐकू आली की आमची मनी माळ्यावरून उडी टाकून थेट मागीलदारी जाई आणि आई ज्या दगडाशी विळी घेऊन मासे कापायला बसे, त्याच्याजवळ शेपटी उभारून थांबे. पावसाळ्यात मासेमारी बंद असे, मावशी येत नसत, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दोन-अडीच महिने ती हाक मनीच्या कानावर पडत नसे. तरीही पौर्णिमेनंतर मावशी पहिल्यांदा आल्या त्या दिवशी मनी पूर्वीइतक्याच वेगाने दगडापाशी हजर झाली. मात्र आमच्याकडे श्रावण पाळला जाई आणि पुढे अनंत चतुर्दशीला गणपतीचे विसर्जन होईपर्यंत घरात मासे शिजत नसत. मावशी पाटी घेऊन शेजारच्या मोहल्ल्यात निघून जात. हाक रोज येई, तुकडा मात्र मिळत नसे. आठवडाभराने मनी निम्म्या वाटेवरून परतू लागली आणि पंधरवड्यात तिचा फक्त एक कान हलू लागला. पुढे मावशींच्या घरी गौरी-गणपती आले, त्यांची फेरी आठवडाभर बंद राहिली, आणि नंतरच्या पहिल्याच हाकेला मनी पुन्हा धावत दगडाशी गेली, वास्तविक आमच्या घरी अजून गणपती बसलेलेच होते. पुस्तक ज्याला उत्स्फूर्त पुनःप्राप्ती म्हणते ती हीच.

प्राध्यापकांनी समासात लाल शाईने लिहिले: ‘बंदीच्या काळातच विलोपन व्हायला हवे. उदाहरण चुकीचे.’ हा शेरा चुकीचा आहे, हे मी तेव्हा वर्गात सांगितले आणि आजही सांगेन. नुसता काळ गेल्याने होते ते विस्मरण, ज्याचा आलेख एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये मांडला. विलोपनासाठी अभिसंधित उद्दीपक (कुत्र्याची घंटा, मनीची हाक) पुन्हा पुन्हा यावा लागतो आणि प्रत्येक वेळी त्याच्यामागून काहीच येता कामा नये. बंदीत हाकच नव्हती, मग विलोपन कशाचे होणार? ज्यांनी दोन्ही व्याख्या पाठ केल्या, पण त्या शेजारी ठेवून कधी पाहिल्या नाहीत, त्यांचाच असा घोटाळा होतो. ऋण प्रबलन (नकोसे काही दूर झाल्याने वर्तन वाढणे) आणि शिक्षा (जिने वर्तन कमी होते) यांचीही तीच गत आहे: गोठ्यात धुरी घातल्यावर डास हटतात, म्हणून आपण दुसऱ्या संध्याकाळीही धुरी घालतो, वर्तन वाढले, म्हणजे ते प्रबलनच, ‘ऋण’ शब्दाला घाबरून त्याला शिक्षा म्हणू नये.

तेव्हा उजळणी अशी करावी की पुस्तक मिटावे, संकल्पनेचे नुसते नाव कागदावर लिहावे आणि आपल्या घरातले उदाहरण तिला लावून पाहावे. जिथे ते बसत नाही तेवढेच पान पुन्हा उघडावे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगांत पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे विद्यार्थी सरस ठरले, परंतु आठवड्यानंतर न पाहता आठवून लिहिणारे पुढे गेले. आपल्या हाती पंधरा दिवस आहेत, त्यामुळे दुसरा मार्गच आपल्या कामाचा. प्रेरणेचे प्रकरण त्या मानाने सोपे आहे, दोन संध्याकाळी पुरतील.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. दगडाकडे धावणे ही लाळेसारखी प्रतिक्षिप्त क्रिया नाही, त्यामुळे काटेकोर परीक्षक मनीला साधक अभिसंधानात (वर्तनाच्या परिणामावरून शिकणे) ढकलू शकेल, आणि हाकेच्या आधी पाटीचा वास येत होता की नाही, हे मी कधी तपासले नाही. विलोपनाचा मुद्दा दोन्हीकडे तसाच उभा राहतो; तरीही विद्यापीठाच्या पेपरात पहिल्या परिच्छेदात पाव्हलोव्हचा कुत्राच लिहावा आणि आपले मांजर दुसऱ्या परिच्छेदात आणावे. माझ्या उत्तरात कुत्रा मुळीच नव्हता, आणि मला दहापैकी तीन गुण मिळाले.