सुइट घ्यावा की बाल्कनी पुरे? क्रूझबद्दलच्या तुमच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या महिन्यात म्हटलं होतं की क्रूझला जाऊन आलात किंवा जायचं ठरवताय तर मोकळेपणाने लिहा, आणि तुम्ही खरंच भरभरून लिहिलंत. सगळी पत्रं वाचली. बऱ्याच जणांचं दुःख सारखंच आहे, एवढे पैसे मोजले आणि डोळ्यासमोर जे होतं ते मिळालंच नाही. मला हे मनापासून लागतं, कारण यातलं बरंचसं टाळता येण्यासारखं असतं, पैसे भरायच्या आधी चार गोष्टी विचारल्या आणि बोटीवर काही बिघडलं तर तिथेच, त्याच दिवशी सांगितलं तर. तर आता प्रश्नांकडे वळूया.

ताई, लग्नाला २५ वर्षं होताहेत म्हणून क्रूझला जायचंय. मला सुइट हवाय, पण नवरा म्हणतो खोलीत फक्त झोपायचं तर असतं, बाल्कनीवाली केबिन पुरे. कोणाचं बरोबर?

दोघांचंही बरोबर असू शकतं, ते बोट कुठली आणि किती दिवस समुद्रात यावर आहे.

आधी हे बघा की त्या कंपनीत सुइट म्हणजे नेमकं काय. काही ठिकाणी सुइट म्हणजे नुसती मोठी खोली, सोफा, मोठं बाथरूम, बोटीवर लवकर चढायला वेगळी रांग, आणि बाकी सगळं सगळ्यांसारखंच. काही ठिकाणी मात्र बोटीतच एक वेगळी छोटी बोट असल्यासारखं असतं, म्हणजे नॉर्वेजियन कंपनीचं हेवन, एमएससीचं यॉट क्लब, सेलिब्रिटीचं रिट्रीट, तिथे सुइटवाल्यांचं रेस्टॉरंट वेगळं, उन्हात बसायचा डेक वेगळा, आणि काही लागलं तर रांगेत उभं न राहता विचारायला माणूस असतो. क्युनार्ड कंपनीच्या बोटींवर तर जेवायला कुठे बसायचं तेच खोलीवर ठरतं, क्वीन्स ग्रिल सुइटवाल्यांचं रेस्टॉरंट वेगळं, प्रिन्सेस ग्रिलवाल्यांचं वेगळं, बाकीचे ब्रिटानियात. म्हणजे तिथे तुम्ही खोलीबरोबर रोजचं जेवणही बदलून घेताय, त्यामुळे पैशाचा हिशोबही तसाच करा.

आता सगळ्यात जास्त फसगत होते ती 'ज्युनिअर सुइट' नाहीतर 'मिनी सुइट' या नावाने. नाव सुइटचं, पण बहुतेक कंपन्यांत ती जरा ऐसपैस बाल्कनी केबिनच असते, सुइटच्या सोयी त्यात पूर्ण येत नाहीत. रॉयल कॅरिबियनच्या ओएसिस आणि क्वांटम क्लासच्या बोटींवर स्टार, स्काय आणि सी असे तीन थर आहेत, सगळी कामं करून देणारा रॉयल जीनी फक्त स्टारला, आणि ज्युनिअर सुइट येतो सगळ्यात खालच्या सीमध्ये. एका वाचक बाईंनी लिहिलंय की त्या सुइटवाल्यांच्या लाउंजच्या दारापर्यंत गेल्या, कार्ड लावलं, दार उघडलंच नाही, मागे दोन माणसं उभी, त्या तशाच परत फिरल्या. वाचून मलाच कसंतरी झालं. म्हणून बुक करताना "माझ्या या केबिन नंबरला कुठल्या कुठल्या सोयी मिळणार" हे लेखी घ्या, खोलीच्या नावावर जाऊ नका.

दुसरं म्हणजे रूट बघा. रोज सकाळी बंदर, दिवसभर बाहेर, संध्याकाळी दमून परत, अशी ट्रिप असेल तर तुमच्या मिस्टरांचं बरोबर, सुइट रिकामाच राहील. पण समुद्रातले दिवस जास्त असतील, क्युनार्डच्या क्वीन मेरी २ बोटीसारखं साउथहॅम्प्टन ते न्यूयॉर्क सात रात्री मधे कुठेही न थांबता, तर खोली म्हणजेच घर होतं आणि तिथे सुइटचा पैसा वसूल होतो. तुमच्या लग्नाच्या २५व्या वाढदिवसाला मी तरी असं सुचवीन की बंदरं कमी असलेली छोटी ट्रिप घ्या आणि त्यात खरा सुइट घ्या, मोठ्या ट्रिपवर अर्धवट सुइट घेऊन हळहळण्यापेक्षा ते बरं.

बाल्कनीची गॅरंटी केबिन घेतली, स्वस्त पडली. मिळाली ती बरोबर पूल डेकच्या खाली! रोज पहाटे झोपमोड. तक्रार केली तर म्हणाले बोट फुल आहे. ही कसली गॅरंटी?

गॅरंटी फक्त प्रकाराची असते हो, जागेची नसते. म्हणजे बाल्कनी घेतली तर बाल्कनी नाहीतर त्याहून वरचं काही मिळणार एवढंच, कुठल्या डेकवर, पुढे की मागे, ते कंपनी ठरवते, आणि कोणी न निवडलेल्या खोल्याच शेवटी उरतात.

तुमचं दुःख मला नीट माहितीये कारण माझ्या पहिल्या क्रूझला हेच झालं होतं. पहाटे साडेचारला डोक्यावर खुर्चीचे पाय फरफटल्याचा आवाज, मग शांत, तुम्हाला वाटतं संपलं, डोळा लागतोय तोच पुढची खुर्ची. डेक धुवून खुर्च्या लावत होती ती पोरं, त्यांची काय चूक. मी तीन दिवस गप्प बसले, चौथ्या दिवशी गेस्ट सर्व्हिसेसला गेले तर ती मुलगी म्हणाली, पहिल्याच दिवशी आला असतात तर एक खोली होती, कोणीतरी आलंच नव्हतं, पण ती काल दिली. ते वाक्य मी अजून विसरले नाहीये.

म्हणून आता मी डेक प्लॅन उघडून बसते आणि अशी केबिन शोधते जिच्या वरही केबिन आणि खालीही केबिन. पूल, थिएटर, डिस्को, किचन वर किंवा खाली नको. दोन खोल्यांना जोडणारं मधलं दार असलेली खोली नको, शेजाऱ्यांचं सगळं बोलणं ऐकू येतं. अगदी पुढे आणि खालच्या डेकवर नको, बोट धक्क्याला लागताना तिथे थ्रस्टरची, म्हणजे बोट बाजूला सरकवणाऱ्या पंख्यांची, घरघर जोरात येते. आणि ज्यांना बोट लागते, मळमळतं, त्यांनी मधोमध आणि शक्य तितकी खाली घ्यावी, तिथे हलणं सगळ्यात कमी. बोटीला स्टॅबिलायझर असतात ते खरंय, पण ते डावीकडे-उजवीकडे झुलणं कमी करतात, नाक वरखाली होतं ते नाही थांबत, म्हणूनच पुढच्या टोकाच्या महागड्या सुइटमध्येही लोक आडवे पडलेले असतात. लाइफबोटींच्या डेकजवळची केबिन घेत असाल तर खिडकीसमोर लाइफबोट येते का तेही विचारा.

अपग्रेडसाठी बोली लावायची ईमेल येते, तिच्याबद्दलही दोघातिघांनी विचारलंय. लावा, पण रक्कम बहुधा माणशी असते, खोलीची नाही, आणि बोली लागली की तुमची निवडलेली जागा गेली, नवी कुठे मिळेल ते त्यांच्या हातात. झोप सावध असेल तर नकोच.

मुलाला शेंगदाणा आणि सुक्यामेव्याची ॲलर्जी आहे. मागच्या क्रूझला दोन दिवस त्याने ब्रेड आणि फळांवर काढले, कोणालाच काही माहिती नव्हतं. यावेळी काय करू?

बुकिंग झाल्या झाल्या कंपनीला ॲलर्जीचं लेखी कळवा, एजंटला तोंडी सांगून सोडू नका. ती नोंद बुकिंगवर दिसतेय का ते निघायच्या आधी परत एकदा बघा. मग बोटीवर चढलात की पहिल्याच दुपारी, सामान उघडायच्याही आधी, मेन डायनिंग रूममध्ये जा आणि हेडवेटरला भेटा, मुलाला बरोबर न्या. सांगा की ही ॲलर्जी आहे, किती गंभीर आहे, तातडीच्या इंजेक्शनचं पेन कोणाकडे असतं.

माझं मत विचाराल तर तुम्ही ठरलेल्या वेळेचं जेवण घ्या, रोज तेच टेबल, तोच वेटर. कधीही या, कुठेही बसा ही पद्धत नॉर्वेजियनने २००० च्या सुमाराला फ्रीस्टाइल म्हणून आणली, आता खूप ठिकाणी आहे आणि बाकीच्यांना छानच आहे, पण रोज नवा वेटर म्हणजे तुमची रोज पहिल्यापासून तीच कथा. एकच वेटर असला की दुसऱ्या दिवसापासून त्याला पाठ होतं. आणि यातली खरी सोय अशी की हेडवेटर रात्रीच्या जेवणानंतर उद्याचं मेन्यूकार्ड आणून देतो, तुम्ही आदल्या रात्रीच खूण करायची आणि किचन ते वेगळं बनवतं. हे बऱ्याच बोटींवर होतं पण कोणी आपणहून सांगेलच असं नाही, मागावं लागतं.

बुफेपासून मात्र त्याला लांब ठेवा. तिथे पदार्थापुढे पाटी असते, पण एका भांड्यातला चमचा लोक दुसऱ्या भांड्यात घालतात, त्याला कोण काय करणार. जास्तीचे पैसे देऊन जायच्या रेस्टॉरंटलाही एक दिवस आधी कळवा.

एक वेटर फार उर्मटपणे वागला म्हणून शेवटच्या दिवशी रोजची टिप काढून टाकली. मैत्रीण म्हणते चुकलंस. खरंच चुकलं का?

हो, चुकलंच असं मला वाटतं, राग मानू नका. ती रोजची रक्कम एका वेटरला जात नाही, खोली आवरणारा केबिन स्टुअर्ड, डायनिंग रूममधली माणसं, पडद्यामागे काम करणारी, अशी वाटली जाते. खलाशांच्या कामाच्या तासांचा आंतरराष्ट्रीय नियम आहे, २००६ चा करार, २०१३ पासून लागू, त्यातसुद्धा आठवड्याला ७२ तासांपर्यंत काम चालतं. कितीतरी जण सलग सहा-आठ महिने असे असतात, साप्ताहिक सुट्टी नाही. तुमचा टॉवेल दिवसातून दोनदा बदलणाऱ्या त्या माणसाने काय केलं होतं?

वेटर वाईट वागला तर त्याच रात्री हेडवेटरला बाजूला घेऊन शांतपणे सांगा आणि टेबल बदलून मागा, बहुतेक वेळा लगेच देतात. खोलीत एसी गळतोय, टॉयलेट तुंबलंय, तर फोन करून वेळ लिहून ठेवा, दोन तासांनी परत फोन, मग स्वतः काउंटरवर. घरी येऊन लांबलचक ईमेल लिहिली तर छापील उत्तर येतं, कारण तेव्हा त्यांना करण्यासारखं काही उरलेलंच नसतं. आणि ज्याने चांगलं केलं त्याचं नाव फीडबॅकमध्ये जरूर लिहा, ते त्यांच्या वरिष्ठांपर्यंत जातं.

सुइटमध्ये रोजची टिप जास्त लागते आणि ड्रिंक्सच्या बिलावर बऱ्याच कंपन्या १८ ते २० टक्के वेगळे लावतात, हे आधीच धरून चाला म्हणजे शेवटच्या रात्री बिल बघून धक्का बसणार नाही. खरं तर बिल रोज रात्री टीव्हीवर किंवा ॲपवर बघा, चूक असेल तर दुसऱ्या दिवशी दोन मिनिटांत निघते, शेवटच्या सकाळी त्याच काउंटरला ही भलीमोठी रांग असते.

बुक केल्यावर महिन्याने तीच केबिन स्वस्त झाली. कंपनीला फोन केला तर म्हणे एजंटशी बोला, एजंट फोन उचलत नाही.

एजंटकडून बुक केलं की बुकिंग त्याच्या ताब्यात, कंपनी तुमच्याशी थेट बोलत नाही, हे जवळजवळ सगळीकडे असंच आहे. फायनल पेमेंटची तारीख गेली नसेल, ती साधारण निघायच्या तीनेक महिने आधी असते, तर बऱ्याच कंपन्या नवा दर लावून देतात, पण मागितला तरच. त्यामुळे आजच एजंटला लेखी मेसेज टाका, त्यात तारीख, केबिनचा प्रकार आणि नवा दर दिसणारा स्क्रीनशॉट. डिपॉझिट परत मिळणारं होतं की नाही ते पावतीवर बघा, त्यावर बरंच अवलंबून आहे. नवा दर घेताना जुन्या बुकिंगबरोबर फुकट मिळालेलं ड्रिंक्स पॅकेज किंवा बोटीवर खर्चायची रक्कम जात नाही ना, तेही तपासा, कधी कधी स्वस्त दर शेवटी महागात पडतो.

एकटीच जायचंय. दोघांचं भाडं खरंच भरावं लागतं?

बहुतेकदा हो, कारण दर 'एका केबिनमध्ये दोघं' असाच धरलेला असतो. पण एकट्यांसाठीच्या केबिन आता बऱ्याच बोटींवर आहेत, नॉर्वेजियन एपिकवर २०१० मध्ये अशा स्टुडिओ केबिन आल्या आणि मग इतरांनीही केल्या. त्या थोड्या असतात, लवकर भरतात, वर्षभर आधी बघा.

सुइट घेतला तर सुरुवातीच्या सेफ्टी ड्रिलला, म्हणजे संकटात काय करायचं त्याच्या सरावाला, न जाता सुइटच्या बटलरकडून समजून घेतलं तर चालेल का?

नाही. कितीही मोठा सुइट असला तरी नाही. १३ जानेवारी २०१२ ला कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ बोट इटलीतल्या जिलिओ बेटाजवळ खडकावर गेली, ३२ माणसं दगावली, आणि त्या दिवशी चिविटावेकिया बंदरात जे चढले होते त्यांचं ड्रिल झालेलंच नव्हतं, कारण तेव्हाच्या नियमात २४ तासांची मुभा होती. २०१५ पासून नियम बदलला, आता बोट सुटायच्या आधी किंवा सुटताक्षणीच ड्रिल झालंच पाहिजे. काही बोटींवर सूचना फोनवर बघून मग आपल्या ठरलेल्या जागी फक्त हजेरी लावायची असते, पंधरा मिनिटांचं काम. जाताना आपल्या खोलीपासून जिन्यापर्यंत किती दारं लागतात ती मोजा आणि मुलांनाही मोजायला लावा, दिवे गेले किंवा धूर झाला तरी भिंतीला हात लावून तेवढी दारं मोजत जिन्यापर्यंत पोचता येतं.