काही पुसू नकोस

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आणि त्या जुन्या गिटारीचे अकरा फोटो मिळाले. शिक्क्यात 'न्यू यॉर्क' आहे, गिटार बनवणारे मार्टिन तर १८३९ मध्येच न्यू यॉर्क सोडून पेनसिल्व्हेनियात नाझरेथला गेले, म्हणजे गिटार त्याआधीची, हे तुझं गणित. विकणारा म्हणतो, १८८०च्या आसपासची. आणि शेवटी तुझं वाक्य: 'काका, एकदा ठरलं की घासून पॉलिश करतो आणि स्टीलच्या तारा चढवतो.'

थांब. काही पुसू नकोस.

कारखाना नाझरेथला गेला तरी विक्री न्यू यॉर्कच्या व्यापाऱ्यांकडेच राहिली, म्हणून शिक्क्यातलं न्यू यॉर्क १८९८ पर्यंत टिकलं. तुझ्या चौथ्या फोटोत, आतल्या शिक्क्यात 'मार्टिन'पुढे 'अँड कंपनी' दिसतंय. ते १८६७ नंतरचं. अनुक्रमांक कुठेच नाही, कारण आकडे टाकायला १८९८ साली सुरुवात झाली, तीही ८००० पासून. म्हणजे गिटार या मधल्या एकतीस वर्षांतली! आता खालच्या फुगीर भागाची रुंदी मोज. १२ इंच भरली तर मार्टिनच्या मापात साइझ २, पावणेतेरा भरली तर साइझ १. मग दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा घे, टॉर्च घे आणि वरच्या फळीची आतली बाजू बघ. तिथे कधीकधी पेन्सिलीने तारीख लिहिलेली सापडते. ओल्या फडक्याने आतली धूळ पुसलीस तर तीही जाईल. म्हणून म्हणतो, पुसू नकोस.

मी पुसलंय. माझी पहिली जुनी गिटार शिकागोची, साधी, गल्ल्यातल्या पैशांत आलेली. पाठ रोझवूडची, गडद महागड्या लाकडाची वाटायची. खरवडलं तर खाली बर्चचं पांढरट लाकूड! मला वाटलं, कोणीतरी फसवायला वरून रंग फासलाय. दुरुस्ती करणाऱ्याला सांगितलं, सगळं घासून काढ. त्याने एकदा विचारलं, 'नक्की?' मी म्हटलं, नक्की. चार वर्षांनी तशीच दुसरी पाहिली तेव्हा कळलं, तो रंग कारखान्यातलाच होता. स्वस्तातल्या गिटारींवर रोझवूडच्या रेषा तेव्हा हाताने रंगवत. कोणीतरी ब्रशने ओढलेली ती एकेक रेष मी पैसे देऊन पुसून घेतली. ती गिटार अजून आहे. भिंतीकडे तोंड करून ठेवलीय.

तुझ्या गिटारीवर लाखेचं पॉलिश असणार, आणि लाख तर आपल्याकडूनच जायची. ते काळवंडलंय म्हणून खराब नाही. स्टीलच्या तारांबद्दल तर बोलूच नकोस. ही आतड्याच्या तारांची गिटार आहे, फळी पातळ, आतल्या पट्ट्या नाजूक. स्टीलचा ताण बसला की फळी फुगते आणि ब्रिज, म्हणजे फळीवरची तारा अडकवायची पट्टी, उचकटतो. वाजवायचीच असेल तर नायलॉन लाव. सांधे सरसाचे आहेत, जाणकाराच्या हातून ऊब-ओलाव्याने सुटतात आणि परत बसतात. इपॉक्सी, तो न सुटणारा गोंद, लावलास तर पुढच्याचे हात कायमचे बांधलेस.

घरचे म्हणतात, नऊ गिटारी आणि एकही वाजत नाही, हा कसला छंद? त्यांचं चूक नाही. पण वाजण्याजोगी करताना काय काय जातं, हे त्यांनी पाहिलेलं नाही. मी पाहिलंय. हट्टी म्हणा, खुशाल म्हणा. किंमत किती येईल ते मला विचारू नकोस, त्या प्रश्नाने मला झोप येते.

रविवारी घेऊन ये. तारा आजच सैल कर, सगळ्या थोड्या थोड्या, एक पूर्ण उतरवून मग दुसरी असं नको. गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नकोस. केसच्या कप्प्यात तुटक्या तारा, चिठ्ठ्या, जुनं तिकीट असलं काही असेल तर तसंच राहू दे. आरसा माझ्याकडे आहे.

तुझा,
काका