घुमट, मिनार आणि सिनेमाचा पडदा

प्रश्न : अमेरिकेत अटलांटा येथे मुलीकडे गेलो असताना पीचट्री स्ट्रीटवरील फॉक्स थिएटर पाहिले. घुमट, मिनार आणि अरबी धाटणीच्या कमानी असलेली ही इमारत पूर्वी मशीद होती, असे बरोबरच्या एका गृहस्थांनी सांगितले. हे खरे आहे काय? असल्यास तिचे चित्रपटगृह कसे झाले? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ही इमारत मशीद कधीच नव्हती. मात्र त्या गृहस्थांचा समज अगदीच निराधार नाही, कारण ज्यांनी ती बांधायला घेतली त्यांनीच तिला ‘याराब टेंपल श्राइन मॉस्क’ असे नाव दिले होते (‘मॉस्क’ म्हणजे मशीद). ही मंडळी म्हणजे ‘श्रायनर’. १८७० च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कमधील काही फ्रीमेसन (गुप्त विधी पाळणाऱ्या एका जुन्या बंधुसंघटनेचे सभासद) गृहस्थांनी ही बंधुसंघटना काढली आणि फ्रीमेसन असल्याखेरीज तिचे सभासदत्व मिळत नसे. गोंड्याची लाल फेज टोपी, अरबी नावे आणि पौर्वात्य थाटाचे विधी यांची त्यांना हौस होती, पण इस्लाम धर्माशी त्यांचा काही संबंध नव्हता. मुलांसाठी त्यांनी १९२२ पासून उभारलेली रुग्णालये हे त्यांचे खरोखर मोठे कार्य होय.

अटलांटातील श्रायनरांना हजारो सभासद एकत्र बसू शकतील असे सभागृह हवे होते. मराय, अल्जर आणि विनूर या वास्तुविशारदांचा आराखडा मनोवेधक होता, परंतु बांधकाम चालू असतानाच खर्च आवाक्याबाहेर गेला. देशभर भव्य चित्रपटगृहे उभारणारे विल्यम फॉक्स यांच्याशी तेव्हा करार झाला आणि मुख्य सभागृह त्यांना भाड्याने देण्यात आले. म्हणजे संघटनेची वास्तू जुनी होऊन मग तिचे थिएटर झाले असे नसून, बांधून पुरी होण्याआधीच तिचे नशीब सिनेमाशी जोडले गेले होते.

उद्घाटन २५ डिसेंबर १९२९ रोजी झाले. न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळून तेव्हा दोनच महिने झाले होते! प्रेक्षागृह अरबी अंगणासारखे सजवलेले होते. वर निळे आकाश, त्यात ९६ तारे आणि त्यांतले काही चक्क लुकलुकणारे. बाल्कनीवरचा तंबू कापडाचा वाटतो, पण तो प्रत्यक्षात प्लास्टरचा आहे. साडेचार हजारांहून अधिक आसने आणि ३,६२२ नळ्यांचा ऑर्गन, इतका सारा थाट असूनही मंदीपुढे त्याचा निभाव लागला नाही आणि सुमारे १२५ आठवड्यांत थिएटरला टाळे लागले. पुढे १९३० च्या दशकातच ते नव्या चालकांच्या हाती सावरले. १९४७ ते १९६८ या काळात न्यूयॉर्कची मेट्रोपॉलिटन ऑपेरा दौऱ्यावर येऊन येथे प्रयोग करीत असे.

या वैभवाचे वर्णन करताना एक गोष्ट वगळणे मला अन्यायाचे वाटते. कृष्णवर्णीय प्रेक्षकांना दर्शनी दारातून प्रवेश नव्हता. त्यांनी वेगळ्या दाराने, बाहेरच्या जिन्याने चढून, सर्वांत वरच्या वेगळ्या गॅलरीत बसायचे, अशी व्यवस्था इमारतीच्या रचनेतच केलेली होती आणि ती १९६२ पर्यंत चालली.

दूरचित्रवाणी आणि उपनगरांतील नवी चित्रपटगृहे यांमुळे प्रेक्षक ओसरले. १९७० च्या दशकाच्या मध्यास सदर्न बेल या टेलिफोन कंपनीने आपल्या मुख्यालयासाठी ही जागा घेण्याचे ठरवले, तेव्हा इमारत पाडली जाणार हे जवळजवळ निश्चित होते. नागरिकांनी ‘अटलांटा लँडमार्क्स’ ही संस्था स्थापन केली, ‘सेव्ह द फॉक्स’ मोहीम चालवली, कलावंतांनी मदतनिधीसाठी कार्यक्रम केले आणि कंपनीशी जमिनींची अदलाबदल करून, १८ लाख डॉलरांचे कर्ज काढून १९७५ मध्ये इमारत वाचवण्यात आली. कंपनीचा मनोरा शेजारीच उभा राहिला. ते कर्ज १९७८ मध्येच, मुदतीपूर्वी फिटले, ही बाब मला सर्वांत कौतुकाची वाटते. १९७६ मध्ये वास्तूला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जाही मिळाला होता.

आज येथे मुख्यतः संगीतिका, नृत्यनाट्ये आणि संगीताचे जलसे होतात. उन्हाळ्यात मात्र पडद्यावर चित्रपटही दाखवतात आणि तेव्हा खेळाआधी तो जुना ऑर्गन वाजतो. पुढील भेट त्या दिवसांत असल्यास तिकीट अवश्य काढावे.